पायाच्या अंगठ्याला बांधलेली दोरी

चहा प्या, पण घोट तोंडात घेऊन ऐकू नका. मागे हीच गोष्ट सांगताना माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता. आणि ती काही माझ्या हुशारीला हसत नव्हती, हे आधीच कबूल करून टाकते.

मी सातवी शिकलेली. आठवीचा वर्ग दुसऱ्या गावी होता, मधे नदी आणि जंगल. म्हणून शाळा सुटली, पण वाचायची खोड सुटली नाही. लग्न होऊन धानोऱ्याकडच्या या गावात आले तर काय पाहते, ग्रामपंचायतीच्या खोलीत एक लोखंडी कपाट, कपाटात पुस्तकं, आणि किल्ली रिटायर झालेल्या एका गुरुजींच्या कमरेला. तेव्हा गावात टीव्ही दोन घरी आणि फोन एका घरी. मला दोन्हीचं काही वाटलं नाही. कपाट पाहून मात्र असं झालं, की चला, या गावात आपलं जमेल.

पुढे माझा पोरगा गोलू झाला, त्या वर्षी आश्विनात गुरुजींनी एक जाड कादंबरी काढून दिली.

"फाटकी हाय पोरी. समोरची सोळा पानं नाईत. चालते काय?"

"चालते. मी सतराव्यापासून सुरू करते," मी म्हणाले.

म्हणून त्या पुस्तकाचं नाव मला आजही माहीत नाही.

आता पाऊस गेल्यानंतरचे आमच्याकडचे दिवस कसे असतात, ते तुम्ही पाहिले नसतील तर सांगायला हवं. धान पिकायला लागतं. सगळ्या बांध्यांत, म्हणजे आमच्या त्या धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, आखलेल्या चौकोनी वावरांत, हिरव्यात पिवळं मिसळतं. ऊन असं पडतं, जसं कोणी गाळून टाकलंय. वारा आला की लोंब्या एकमेकींच्या कानात काही तरी सांगतात, आणि दुपारी त्यांचा वास येतो, भात शिजायच्या आधीचा भाताचा वास. अशा वेळी माणसाला दुसरं काय हवं? उकडलेले शिंगाडे, किटलीत चहा आणि मांडीवर सतरावं पान.

पण अशाच वेळी पोपट येतात. थव्यानं येतात आणि लोंबीच्या लोंबी तोडून नेतात. म्हणून धान राखायला बांधीच्या मधे मचाण घालायचं आणि दिवसभर कोणी तरी वर बसायचं. आमच्या घरी ते काम माझ्याकडे आलं, कारण गोलू आठ महिन्यांचा होता आणि मला कापणीच्या जड कामाला कोणी नेत नव्हतं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्याच दिवशी बोलल्या. "पुस्तक नेतं तर ने. पण एक बी पोपट धानावर बसलेला मले दिसला, तर ते पुस्तक मी चुलीत घालीन. मंग गुरुजीले काय सांगाचं ते तू सांग."

त्या बोलल्या म्हणजे घालणार. वर्षभराचं खाणं त्या चार बांध्यांत उभं होतं, त्यांचंही चुकत नव्हतं.

आणि मी कशी, तर भित्री. गोलू झोपला तर त्याच्या नाकाखाली बोट धरून पाहायची, श्वास चालू आहे की नाही. उचकी लागली तरी घाबरायची आणि बराच वेळ उचकी लागली नाही तरी घाबरायची. आता एका बाईला एकाच वेळी पोर झुलवायचं, पोपट उडवायचे आणि पुस्तकाचं पान उलटायचं. हात दोनच.

मग मी डोकं चालवलं. आमच्याकडे मचाणापासून चारही बाजूंना दोऱ्या नेतात, त्यांना रिकामे डबे लटकवतात, डब्यात गोटे. दोरी ओढली की सगळ्या वावरात खडखडाट. मी त्या दोऱ्यांची टोकं एकत्र केली, ती गोलूच्या झोळीला बांधली, आणि झोळीची दोरी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला. पाय हलला की झोळी हलते, झोळी हलली की डबे वाजतात, डबे वाजले की पोपट उडतात. हात दोन्ही मोकळे. गोलूला तर डबे वाजल्याशिवाय झोप येईना. इतकी शिकलेली बाई गावात दुसरी नाही, असं मला चार दिवस वाटत होतं.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा, नाही तर पुढचं कळणार नाही. आमच्या शिवारात डब्यांचा कायदा आहे. थांबून थांबून वाजले तर पोपट. न थांबता वाजत राहिले तर जनावर. जनावर म्हणजे डुक्कर, अस्वल, नाही तर तो, ज्याचं नाव आत्याबाई वावरात घेऊ देत नसत. न थांबता डबे ऐकले की ज्याच्या कानावर पडतील त्यानं आपले डबे वाजवायचे आणि काठी घेऊन धावायचं. हा कायदा मला माहीत होता. माझ्या अंगठ्याला माहीत नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी कादंबरीतली मालती हातात दिवा घेऊन जिना चढायला लागली. वरच्या बंद खोलीत कोण आहे, हे दोनशे पानं झाली तरी लेखकानं सांगितलं नव्हतं. एक पायरी. दुसरी पायरी. आतून कोणी तरी खाकरलं. मी शिंगाडा तोंडाशी नेला आणि तिथेच धरून बसले. मालतीनं कडीला हात लावला, हात काढला, परत लावला. बाई, उघड ना एकदाची.

माझा पाय कधीचा हलत होता, ते मला विचारू नका.

वाचता वाचता जाणवलं की कुठे तरी डबे वाजत आहेत. शेजारच्या तुळशीरामभाऊंच्या वावरातले. मग त्याच्या पलीकडचे. मग तलावाकडचे. न थांबता. मी मान वर केली. जनावर आलं. चारही बाजूंनी डबे, म्हणजे लहानसहान जनावर नाही.

मी गोलूला झोळीतून उचलून छातीशी धरलं आणि एका हातानं दोरी अशी ओढायला लागले, की दोन डबे तुटून तलावाच्या दिशेनं गेले.

तुळशीरामभाऊ कुऱ्हाड घेऊन धुऱ्यावरून धावत आले. मागे पंधरा-वीस माणसं, बाया, एका हातात विळा एका हातात पदर.

"कुठी हाय व?" ते ओरडले.

आता मला काय माहीत कुठे आहे? पण सगळे माझ्याकडे पाहत होते, मी उंचावर बसलेली. मी धानावरून नजर फिरवली. आणि खरंच, मधल्या बांधीत धान हलत होतं. वारा नव्हता तरी हलत होतं, हळूहळू, सरळ माझ्या मचाणाकडे.

"तिथी. मधल्या बांधीत," मी म्हणाले.

"काय दिसते?"

लोंब्यांच्या फटीतून मला दिसलं. "पिवळं दिसते भाऊ. अन् काळे पट्टे."

सगळे डबे एकदम थांबले. इतकी शांतता, की गोलूची लाळ फळीवर पडलेली ऐकू आली.

तेवढ्यात नाक्यावरचा जंगलाचा गार्ड सायकल टाकून आला. चांगला माणूस, पण धाप लागलेली. "कोणी जवळ जाऊ नका. तीन बाजूंनी उभे राहा, जंगलाकडची बाजू त्याले मोकळी ठेवा. मारू नका कोणी." माणसं धान तुडवत तीन बाजूंनी उभी झाली. गोलू माझ्या कडेवर टाळ्या वाजवत होता. मी मनात देवाला म्हणत होते, पोराला वाचव, मी पुन्हा पुस्तक हातात धरणार नाही. मग म्हटलं, निदान हे एवढं संपलं की धरणार नाही.

गार्डानं शिट्टी फुंकली. धान हललं. आणि लोंब्यांच्या मधून पिवळ्या लुगड्यावर काळे पट्टे, डोक्यावर भाकरीचं टोपलं, अशा आत्याबाई उभ्या राहिल्या.

"अरे, कोणाले घेरून राह्यले रे?"

तुळशीरामभाऊंच्या हातातली कुऱ्हाड खाली पडली, ती नशिबानं चिखलात. "काकू, तुमी धानात काऊन रांगत होत्या?"

"जनावर आलं ना बापा. डबे आयकले तशी मी खालीच बसली. पण नातू मचाणावर एकटा ह्या येडीसंगं. मंग रांगत रांगत त्याच्याकडं चालली होती."

साठीची बाई, जनावराच्या वावरातून चार पायांवर नातवाकडे निघाली होती. आणि मी तिच्यावर गाव सोडलं होतं. मला हसू की रडू कळेना, म्हणून मी गोलूच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं.

"मंग जनावर कुठी हाय?" गार्डानं विचारलं.

"मले काय माहीत, साहेब," मी म्हणाले. "भाऊनं डबे वाजवले म्हणून मी वाजवले."

"मी काऊन वाजवीन?" तुळशीरामभाऊ म्हणाले. "तुह्ये वाजले म्हणून मी वाजवले. चांगला अर्धा घंटा वाजवून राह्यली होती तू."

सगळ्यांनी माझ्या डब्यांकडे पाहिलं. मग डब्यांच्या दोरीकडे. नजर दोरीवरून वर चढत चढत मचाणावर आली, झोळीवरून गेली, आणि माझ्या अंगठ्यावर येऊन थांबली. गाठ अजून तशीच होती. मी पाय पदराखाली ओढून घेतला. डबे वाजले.

गार्ड शिडीवरून वर आला. उघडं पुस्तक पालथं पडलं होतं, ते त्यानं उचललं. "काय वाचत होती एवढं?" म्हणून पान पाहिलं. मग ते उलटलं. मग पुढचं उलटलं.

"साहेब, काही लिहून घ्याचं हाय काय?" खालून तुळशीरामभाऊ.

"थांब ना जरा," गार्ड म्हणाला, आणि शिडीवरच बसला.

शेवटी तो पुस्तक बगलेत मारूनच गेला, चौकशीसाठी लागेल म्हणून. पोपटांनी महिनाभरात खाल्लं नसतं तेवढं धान त्या दिवशी गावानं तुडवलं. संध्याकाळी चुलीशी बसून आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "ज्याच्यात पाय हालते ते पुस्तक आता नाई. ज्याच्यात काहीच होत नाई, असं एखांदं आण."

गुरुजींनी कपाटाच्या तळातून तसं काढून दिलं. मन शांत कसं ठेवावं, याबद्दल होतं. लेखक स्वतः इतका शांत होता, की अकराव्या पानावर मी, गोलू आणि माझा अंगठा, तिघंही झोपलो. डबा एक वाजला नाही. जाग आली ती आत्याबाईंच्या आवाजानं. कडेची सगळी बांधी हिरवीगार दिसत होती, आणि ते हिरवं पंख झाडत होतं.

मला वाटलं, संपलं. आता हे पुस्तक तर चुलीत जाणारच, वरून गुरुजींचं कपाटही आपल्याला बंद. पण आत्याबाईंनी पोपट उडवले, टोपलं खाली ठेवलं आणि नाक्याची वाट धरली. तिथे काय झालं ते गार्डानं मग सगळ्यांना सांगितलं. म्हणे, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, आमच्या सुनेचं पुस्तक द्या. तिचे पाय हालले तर माणसं धान तुडवतात, नाई हालले तर पोपट खातात. माणसाईले मी समजावून सांगीन. पोपटाले सांगता येत नाई."

परत आल्या, पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या अंगठ्याला स्वतः गाठ मारली. चांगली घट्ट. मग एकेका धुऱ्यावर जाऊन सगळ्यांना सांगून आल्या, "सून शेवट वाचून राह्यली हाय. डबे कितीही वाजले तरी कोणी धावू नका."

असं सुख मी आयुष्यात पाहिलं नाही. चार दिवस मी लोळून वाचलं. ऊन मऊ, शिंगाडे गोड, झोळी हलतेय, डबे मनसोक्त वाजताहेत, आणि शिवारात कोणी मान वर करून पाहत नाही. मालतीनं कडी काढली तेव्हा तर मी दोन्ही पाय हलवले.

पाचव्या दिवशी ऊन कलताना शेवटचं पान मिटलं. पुस्तक उराशी धरून मी पाय अगदी स्थिर ठेवून बसले होते, स्वप्नात असल्यासारखी. तेवढ्यात जंगलाकडच्या धुऱ्यावरून रानडुकरांचा कळप उतरला. चांगली बारा-पंधरा, पिलांसकट. सरळ धानात.

मी दोरी ओढली. अंगठ्यानं ओढली, हातानं ओढली, शिडीवर उभं राहून ओढली. डबे न थांबता वाजले. घसा फाटेस्तोवर ओरडले, "धावा हो, डुकरं आली, खरी आली."

शेजारच्या वावरात तुळशीरामभाऊ बिडी ओढत बसलेले मला स्पष्ट दिसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून कौतुकानं मान हलवली आणि बायकोला म्हणाले, "शेवट लय रंगला दिसते."