भाकरीचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. चौथीपर्यंत शिकले, लिहायला वेळ लागतो — तरी लिहिते.

पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत, राहायला आलो तेव्हा हळदीकुंकवाला मी कोपऱ्यात बसायचे. साहेब लोकांच्या बायका पुण्या-मुंबईच्या. त्यांच्याशी बोलायला माझ्याकडे होतं काय?

मग एकेकीला साखर निघाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोळ्या-भात कमी करा, ज्वारीची भाकरी खा, तीही मोजून. भाकरी थापता कुणाला येत होती? मला. त्या माझ्या दारात आल्या — माझ्या! सगळ्यांत पुढे सुधाताई. "मास्तरीणबाई, शिकवा आता आम्हाला," म्हणाल्या. मास्तरीणबाई. मला!

ज्वारीच्या पिठात आधणाचं पाणी घालावं लागतं, चांगलं उकळतं. नाहीतर थापताना भाकरी फाटते. त्या यायच्या आधीच मी पीठ मळून ठेवायचे. का? — लिहिते, थांबा. सुधाताईंनी एकदा विचारलंच, "पाणी कसलं गं घालतेस?" माझा हात थांबला. शिकल्या, तर उद्या कशाला येतील?

"साधंच," म्हणाले. "नळाचं."

बाकीच्या माझ्याकडूनच भाकऱ्या करून नेऊ लागल्या. सुधाताई नाहीत. "रोज तुझ्या दारात डबा घेऊन उभी राहू? जमेल मला." जमणार कसं? "आज भारताचा नकाशा झाला बघ, श्रीलंकासुद्धा सुटी पडली!" म्हणून हसायच्या. मीही हसायचे. आज सांगू, उद्या सांगू — नाही सांगितलं. तीन-चार महिन्यांनी त्यांनी परातच उचलून ठेवली. पुन्हा पोळ्या सुरू झाल्या, पूर्वीसारख्याच.

काही वर्षांनी त्यांच्या पायाची जखम भरेना. अंगठा काढावा लागला. भाकरीनं वाचला असता का? माहीत नाही. पण हे "माहीत नाही" मी किती वर्षं पांघरून बसले आहे?

भेटायला गेले. डब्यात भाकऱ्या नेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघीच. त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"तुझ्या हातात आहे गं ते. माझ्या हातातच नव्हतं."

तेव्हा तरी बोलायचं — पण मी मान हलवली. हो म्हणून.