सुदामचा पत्रा

सुदाम गेल्याची बातमी मला लाखनीच्या स्टँडवर कळली. सुटत्या एसटीच्या खिडकीतून आमच्या गावचा एक माणूस ओरडला, "तुमचे नाटकवाले सुदामभाऊ गेले जी!" मी तिथेच बाकावर बसून राहिलो... महिना उलटला, तरी तो 'नाटकवाले' शब्द खुपतो. सुदामने उभ्या आयुष्यात एकच नाटक लिहिलं आणि त्या नाटकानेच त्याला मारलं, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टर काहीही म्हणोत.

सुदाम बांगलादेशच्या लढाईतून परतलेला शिपाई. धानाची शेती करायचा, बेताचं बोलायचा. चौऱ्याहत्तर साली राजस्थानच्या वाळवंटात आपण अणुस्फोट केला, तेव्हा गावात पेढे वाटले. सुदामने घेतला नाही. सरपंचांनी त्याला पानठेल्यावर गाठलंच. "जपानवर बॉम्ब टाकला म्हणून लढाई थांबली ना? नाही तं किती शिपाई मेले असते! तू तं फौजी, तुले समजाले पायजे."

"मी त्या फौजेत असतो तं वाचलो असतो, खरं हाय," सुदाम म्हणाला. "पण माह्या जिवासाठी लेकरं जाळा, असं म्या कोणाले सांगतलं होतं?"

सरपंच हसून पानाला चुना लावू लागले. पण लोकांच्या डोळ्यांना दिसलं की त्यांना कळेल, अशी भाबडी आशा त्याला होती. म्हणून त्याने दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे आमच्या जत्रेसाठी, नाटक लिहिलं. मी जपानवर बॉम्ब टाकणारा पायलट झालो. खाली आई लेकराला आंघोळ घालते आहे, वर मी 'टाकू की नको' म्हणून तळमळतो आहे आणि शेवटी हुकूम पाळतो. बॉम्बचा आवाज काढायला सुदाम स्वतः पत्रा धरून विंगेत उभा. भर दुपारी मैदान गच्च भरलेलं. मी हात खाली केला, पत्रा कडाडला, आई कोसळली... आणि शिट्ट्या सुरू झाल्या. "वन्स मोर! वन्स मोर!"

आमच्याकडे वन्स मोर मोडत नाहीत. प्रेक्षक मायबाप, गाणं असो की मरण, पुन्हा करून दाखवायचं. आईचं काम करणारा गडी तर उठून पुन्हा आंघोळ घालायला बसलासुद्धा. सुदाम पत्रा टाकून पुढे आला आणि त्याने हात जोडले.

"एकदा मेल्यायले अजून किती मारू, बाप्पा?"

लोकांना तेही नाटकातलंच वाटलं. काय टाळ्या पडल्या! त्या गदारोळात सरपंचांनी विंगेत शिरून पत्रा हलवला आणि आई पुन्हा मेली.

सुदामने तो पत्रा घरी नेऊन बकऱ्यांच्या कोठ्यावर टाकला. त्यानंतर त्याने कुणाशी वाद घातला नाही. मोठ्या देशांच्या नव्या बॉम्बची बातमी पेपरात आली की एवढंच म्हणायचा, "लोकायले आवडते थे. पाह्यलं ना आपण." मी त्याची समजूत घालायचो. आता वाटतं, त्याचंच खरं होतं, आणि याचं मला फार दुःख होतं.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनी अंगणात धान पाखडत होत्या. कोठ्यावरचा पत्रा वाऱ्याने थडथडत होता.

"मंडईवाले आल्ते, पत्रा मागाले," त्या म्हणाल्या. "यंदा ह्यायच्या नावानं थेच नाटक करून राहिले म्हणे. म्या नाही देल्ला. बकऱ्या भिजतीन म्हणलं."

मी पत्र्यावर हात ठेवला. तो थांबला. पण भंडाऱ्याच्या बाजारात पत्र्यांना काय तोटा... मंडळींनी एव्हाना नवा आणलाही असेल.