सुमतीबाईंनी वहीत उतरवलेलं माझं काम

परवा माझ्याकडे सगळ्यांच्या आधी कोण आलं, तर सुमतीबाई! माझं पाळणाघर बघायला तपासनीस दहाला यायचे होते, बाई साडेनवालाच दारात. चप्पल काढता काढता म्हणाल्या, “आजी, घर एवढं शांत कसं?”

पण मी मधूनच सुरू केलं. बाईंच्या साठीनिमित्तच्या या पुस्तकात शिकलेली माणसं लिहिणार, आणि मी चौथी पास. मानपाड्याला अठरा वर्षं पाळणाघर चालवते. बाई पहिल्यांदा आल्या त्या नातीला ठेवायला. नात लगेच खेळायला पळाली, बाई मात्र दुपारपर्यंत माझ्याकडेच बघत बसल्या. मग म्हणाल्या, “आम्ही शिकवतो ते तुम्ही रोज करता.”

बाई बालवाडीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला शिकवतात. काम तपासून पसंत पडलं तर त्यातलं पहिलं वर्ष माफ होतं म्हणे. इकडे आमच्या सोसायटीने ठरवलेलं, पाळणाघराची खालची खोली शिकलेल्या बाईलाच द्यायची. म्हणजे कागद नाही तर पाळणाघरही नाही.

मुलं निजली की बाई वही उघडून बसायच्या.

“मूल रडलं की काय करता?”

“आधी ऐकते. भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं. आई गेली म्हणून रडतं ते तर दाराकडे बघून.”

“थांबा, थांबा, हेच लिहायचंय!”

माझा एकही शब्द त्यांनी बदलला नाही. अभ्यासक्रमाच्या अर्जावर मी सवयीने अंगठा पुढे केला, तर त्यांनी पदराने शाई पुसली. “चौथी पास ना तुम्ही? सही करा.” मी एकेक अक्षर जुळवत सही केली. बाई घाई न करता बसून राहिल्या.

आणि एवढं करून परवा मी काय केलं! मोठी माणसं येणार म्हणून अकराही मुलांना सुट्टी दिली. त्यांच्या आयांना कामावर रजा काढायला लावल्या. फरशी पुसली, खेळणी माळ्यावर टाकली, नवी चादर घातली. तपासनीस साहेब पोहे खाऊन म्हणाले, “मुलं कुठायत?”

“तुम्हाला त्रास नको म्हणून…”

“आजी, आम्ही पोहे तपासायला नाही आलो हो!”

त्यांच्याबरोबरच्या मॅडमनी फाईल मिटली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “चूक माझी. मीच यांना सांगायला हवं होतं. एकदा पुन्हा या.” एवढ्या मानाच्या बाई, माझ्यासाठी मान खाली घालून उभ्या राहिल्या. ते माझ्याने विसरवणार नाही.

बाईंच्या वहीची पानं कधी संपू नयेत आणि त्यांच्या गुडघ्यांना जिने कधी जड जाऊ नयेत, एवढंच देवाकडे मागते. मुलं मोठी होतील, त्यांचीही मुलं बाईंनी बघावीत.

तपासनीस येत्या गुरुवारी अकराला येतो म्हणालेत. मी घाबरून म्हटलं, “अहो बाई, ती तर माझी भरवायची वेळ, नुसता गोंधळ असतो!”

बाई म्हणाल्या, “म्हणूनच मी अकरा सांगितले.”