आदी सूप, मंग येसू

सिसिलामावशी कुणाच्याही घरी गेली, की सूप ओढून घ्यायची. 'बस' म्हणायच्या आधी नव्हे हं, 'बस' म्हटल्यावर. पण एकदा बसली, की त्या घरात जे काही निवडायचं पडलं असेल, बाजरी म्हणा, हुलगे म्हणा, मटकी म्हणा, ते तिच्या मांडीपुढं आलंच म्हणून समजा. मान खाली, बोटं खड्यांवर आणि कान त्या घरच्या बाईकडं. बाई बोलत राहायची. सुनेचं सांगायची, दुखत्या कंबरेचं सांगायची, मग हळूच जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगून टाकायची. मावशी नुसती "व्हय बाई, व्हय" म्हणायची. सूप निवडून झालं की उठायची, पदर झटकायची आणि "येते गं" म्हणून चालू लागायची. देवाधर्माचा एक शब्द नाही!

आणि हीच मावशी आमच्या मिशनात बायकांना शिकवायची. काय शिकवायची? तर आपली श्रद्धा दुसऱ्याला कशी सांगायची ते. आता बोला!

आमचं मिशन नेवाशाच्या अलीकडं. लढाई सुरू झाली तसं आमच्याकडच्या जर्मन फादरांना इंग्रज सरकारनं छावणीत नेऊन बसवलं, आणि सगळ्या गावांना मिळून वसईकडचे एकच फादर उरले. सायकलवर फिरून फिरून माणूस वाळून गेला. एका रविवारी मिस्सा झाल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवून घेतलं. म्हणाले, "तुम्हाला वाटतं, देवाचं सांगणं हे फक्त झगेवाल्याचं काम. बाप्तिस्मा तुमचाही झालाय की नाही? मग तुम्हीही कामाला लागलात." तिथून आमचे वर्ग सुरू झाले. सुगी सरली, की गावोगावच्या बायका-पुरुष भाकरी बांधून मिशनात यायचे आणि राहायचे. सकाळी फादर शुभवर्तमान समजावून सांगायचे, धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायचे. दुपारी बायकांचा वर्ग लिंबाखाली, तो मावशीचा. फादरांनीच तिला तो दिला होता. म्हणायचे, "काय सांगायचं ते मी शिकवतो. दारातून आत कसं जायचं ते सिसिलाबाई शिकवतील."

मावशी तीन दगडांची चूल मांडायची, कोळशानं उंबरा आखायची आणि स्वतः आत सासू होऊन बसायची. आम्ही एकेकीनं त्या उंबऱ्याशी जायचं. आमच्यात फिलोमिना म्हणून एक होती, बोलायला तिखट. ती पहिल्या दिवशी ताठ मानेनं गेली.

"कोन गं तू? काय इकाया आलीस? सुया का बिब्बं?" मावशी डोळे बारीक करून म्हणाली.

"मी तारणाची वार्ता घेऊन आले आहे," फिलोमिना म्हणाली.

"बरं झालं बया. ठिव ती त्या कोपऱ्यात, अन् आदी माझ्या शेळीला पाला टाक."

आम्ही हसून हसून लोळलो. फिलोमिनाचं तोंड एवढंसं झालं. मावशी मात्र हसली नाही. म्हणाली, "हसू नगा. तिच्या दारात तुमी गेलाय, ती तुमच्या न्हाई आली. तिला आदी शेळी दिसती. तुमाला शेळी दिसली न्हाई, तर तिला तुमचा देव कसा दिसंल?"

माझी स्वतःची गंमत सांगते. मी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, सोळा-सतरा वर्षांची. प्रश्नोत्तरं मला घडाघडा पाठ. शेजारच्या गावात पहिल्यांदाच एका घरी गेले. बाई भाकरी थापत होती. मला दुसरं काही सुचेना. प्रश्नोत्तरांत जसा पहिला प्रश्न होता, तसाच मी तिला विचारला, "तुला कोणी निर्माण केलं?"

तिनं भाकरी उलटली, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आमच्या मायनं. अन् तुला गं कुनी धाडलं?"

पुढच्या प्रश्नाला तोंड उघडायच्या आत मी घराबाहेर! मावशीला सांगितलं तर ती पोट धरून हसली आणि मग मला जवळ बसवून म्हणाली, "पोरी, तू मास्तरीन होऊन गेलीस. पावनी होऊन जा. आदी सूप, मंग येसू. अन् इचारल्याबिगर सांगायचं न्हाई. मानूस इचारतंय, पन आपन तवर थांबत न्हाई."

"आणि नाहीच विचारलं तर?"

"तर तिचे हुलगे निवडून झाले का न्हाई?"

असं तिचं. आम्ही जोडीजोडीनं गावं वाटून घेतली. संध्याकाळी परत आलो, की मावशी 'काय सांगितलंत' असं कधी विचारायची नाही. 'काय ऐकलंत' असं विचारायची. जिला सांगता यायचं नाही, तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच घरी पाठवायची. मी तिच्या हाताखाली तयार झालेली बाई आहे, हे आजही मान वर करून सांगते मी.

एकदा अशीच गावं वाटून घेत होतो. फिलोमिना एकदम म्हणाली, "मावशी, तुमच्या माहेरी कोण जातं हो? आम्हाला दारोदार धाडता, तुम्ही स्वतः तिकडं का जात नाही?"

मावशीच्या हातातलं सूप थांबलं. मग ती खाली बघत म्हणाली, "खरं हाय तुझं."

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. माहेर जामखेडकडं, कोरड्या मुलखात. तिथं तिचा थोरला भाऊ किसन. बाप्तिस्म्याआधी मावशीचं नाव गंगू. लग्नानंतर सासरच्यांबरोबर मावशीनं बाप्तिस्मा घेतला, त्याच वर्षी तिकडून आईच्या शेवटच्या दुखण्याचा निरोप आला. मावशी निघाली होती, पण मिशनातल्या त्या वेळच्या एका मास्तरांनी तिला दटावलं, की तिकडच्या मातीला आणि दहाव्याला गेलीस तर घेतलेला धर्म पाण्यात जाईल. नवीन नवीन धर्म घेतलेली, काही न कळणारी बाई ती. घाबरली आणि राहिली. तेव्हापासून भाऊ तिचं नाव काढत नव्हता.

आठ दिवसांत ती निघाली, आणि जोडीला मला घेतलं. सर्व्हिस मोटारीनं गेलो, पुढं पायी चाललो. एवढ्या घरांत बिनधास्त शिरणारी बाई, पण त्या दिवशी वाटेत सारखी मागं पडत होती.

किसनदादा ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसले होते. पुढं वहिनी सुपात हुलगे घेऊन. दादांनी मान वर केली नाही.

"आमच्याकडं तुजं काय काम हाय?"

"काम न्हाई, दादा. बसू का?"

"बस की. भुई काय कुनाच्या बापाची हाय?"

मावशी बसली. सवयीनं तिचा हात सुपाकडं गेला. वहिनीनं सूप झटकन आपल्याकडं ओढलं. "ऱ्हाऊ द्या. आमचं आमी निवडतो."

मी मावशीला पहिल्यांदाच रिकाम्या हातानं बसलेलं बघितलं. कुठं ठेवावेत ते हात, हेच तिला कळेना.

मग दादा बोलायला लागले. सगळं साठलेलं होतं. "चार दिस आई दाराकडं बघत हुती. कुत्रं भुकलं तरी म्हनायची, गंगू आली का बघ. मी रोज खोटं सांगायचो, निघालीय म्हनून. गेली ती तुजंच नाव घेत. मातीला न्हाईस, दहाव्याला न्हाईस. परक्या बाया आल्या, पोटची लेक न्हाई आली."

माझ्या तोंडाशी आलं होतं, की दादा, त्यांना मास्तरांनी अडवलं होतं हो. मावशीनं माझा गुडघा गच्च दाबला. आणि एवढंच म्हणाली, "व्हय, दादा. न्हाई आले मी."

दादांच्या हातातला दोर सुटला. त्यांनी पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडं बघितलं. "तुज्या त्या देवानं सांगितलं हुतं का गं तुला, आईकडं पाठ फिरव म्हनून?"

"न्हाई, दादा," मावशी म्हणाली. "त्यानं न्हाई सांगितलं. त्याला लाकडावर खिळ्यांनी ठोकलं हुतं. जीव चालला हुता. तरी खाली त्याची आई हुबी हुती, तिच्याकडं बघितलं त्यानं. संगतीच्या गड्याला म्हनला, ही आजपासनं तुजी आई. आईची सोय लावली, अन् मंग मेला. मला तवा हे ठावं न्हवतं रे. कुनी सांगितलंच न्हाई. ठावं असतं, तर अनवानी पळत आले असते."

मग वहिनीनं डोळ्याला पदर लावला, आणि हुलग्यांचं सूप हळूच मावशीपुढं सरकवलं.

आम्हाला ती एवढी का घासून घ्यायची, ते मला त्या ओट्यावर कळलं.

किसनदादांनी काही धर्म बदलला नाही. परत आल्यावर फिलोमिनानं विचारलं, "मग मावशी, काय मिळवून आलात?"

"सुपभर हुलगे निवडून आले," मावशी म्हणाली. पण तिचा चेहरा असा काही फुलला होता, की फिलोमिनानंसुद्धा उठून तिला पाण्याचा तांब्या दिला. त्यानंतर दर दिवाळीला दादा बहिणीकडं यायचे, आणि ती नाताळानंतर वानोळा घेऊन तिकडं जायची.

स्वराज्य आलं, त्यानंतरच्या थंडीत मावशी तापानं गेली. दादांना निरोप धाडला होता, पण वाट लांबची. ते पोचले तेव्हा कबरीत माती लोटून झाली होती. गावोगावच्या बायका आल्या होत्या, आमच्या आणि ज्यांनी कधी क्रुसाची खूण केली नाही अशाही. फादर प्रार्थना आटोपून गेले, बायकाही एकेक करून पांगल्या. दादा मात्र पटका काढून तिथंच मातीपाशी बसून राहिले.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. माझी बोटं आपोआप त्या ताज्या मातीतले खडे वेचून बाजूला ठेवत होती.

पुष्कळ वेळानं दादा म्हणाले, "बाई, तवा गंगूनं ते सांगितलं हुतं बघ. लाकडावरनं आईची सोय लावली त्याचं. तेवढं पुन्यांदा सांगता का?"

त्यांनी विचारलं होतं. मग मी सांगितलं.