आजोबांच्या अंगावरची बंडी

मी अमरावतीत अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका काढायला. कुणाला पांढरी साडी दिसली की मी बायकोला धुकं आणि हेडलाइट समजावून सांगतो. ती म्हणते, "एक दिवस तुमच्यावरच येईल, मग सांगा समजावून." तर... आलं. आडनाव देत नाही, अकोल्यात आम्हाला ओळखणारे बरेच आहेत.

आमचे आजोबा महादेव, मूळ हिवरखेडचे. शेती होती, पण त्यांचा हात चालायचा तो मशीनवर. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, फिटर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या जरा आधी एका गुजराती शेठने त्यांना युगांडाला नेलं. तिकडेही कापूस, तिकडेही जिनिंग, पण फिटर मिळेना. मागे राहिली आजी, चार वर्षांची इंदूआत्या आणि पोटात माझे वडील. सुरुवातीला पत्रं आली, मग बंद झाली. माणूस आला नाही आणि त्याची खबरही आली नाही. गावाने काय, दोन-चार वर्षांत निकाल लावून टाकला: महादेवने तिकडे दुसरं बिऱ्हाड केलं.

आजीने शेवटपर्यंत कुंकू लावलं.

आमच्याकडे अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीच्या घागरी भरतात. आजी होती तोवर आजोबांच्या घागरीचा प्रश्नच नव्हता, तिच्या लेखी ते जिवंत होते. आजी गेल्यावर वडील म्हणाले, आता भरू. तर इंदूआत्या आडवी आली. "माह्या मायले जन्मभर वाट पाहाले लावली त्यानं. त्याले पानी कावून पाजाचं?" मोठ्या बहिणीपुढे वडिलांचं काही चाललं नाही. आजीची घागर भरली, आजोबांची नाही. वडील गेले, त्यांचीही भरू लागलो. आजोबांची तशीच राहिली.

आत्या आता नव्वदीला टेकली आहे. अकोल्यात डाबकी रोडला मुलाकडे असते. कान गेलेत, पण मोतीबिंदू काढल्यापासून डोळे माझ्यापेक्षा तेज आहेत. मागच्या दिवाळीत ओवाळून झाल्यावर तिने माझा हात सोडलाच नाही.

"बाबू, तू त्या कंप्युटरवर साऱ्या जगाचं पाहतं म्हने. माह्या बापाचं पाह्य."

"आत्या, किती वर्षं झाली आता..."

"तेच म्हनून राहिली मी. त्यानं आमाले टाकलं का तो मेला, येवढं समजू दे मले. मंग मी जायाले मोकळी."

नव्वदीच्या बाईला नाही कसं म्हणायचं? लागलो कामाला.

ज्यांनी वंशावळीच्या साइटवर पूर्वज शोधलेत त्यांना ठाऊक असेल, ते काय प्रकरण असतं. जुन्या बोटींच्या उतारूंच्या याद्या, स्मशानांची रजिस्टरं, सगळं स्कॅन करून टाकलेलं. पण साहेबाने आपली नावं कशी लिहावी याला धरबंध नाही, आणि महादेव तर पैशाला पासरी. पेपर तपासायचे सोडून मी महिनोन्‌महिने त्यात बसायचो. बायको म्हणायची, "आजोबा सापडेपर्यंत तुम्ही हरवाल." गंमत अशी की सापडले ते यादीत नाहीतच. इंग्लंडमधल्या एका गुजराती बाईंनी आपल्या आजोबांचा अल्बम अशाच एका साइटवर चढवला होता. हे आजोबा म्हणजे तोच शेठ! एका फोटोत जिनिंगच्या दारात सगळा स्टाफ उभा, मागे इंग्रजी बोर्ड, आणि खाली शाईने नावं. उजवीकडून तिसरा: महादेव, फिटर, अकोला.

माझे वडीलच उभे आहेत असं वाटलं. तेच रुंद कपाळ, तीच मान जरा तिरपी धरायची खोड. वडिलांनी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. मी चक्क रडलो, फिजिक्सवाला असून.

बाईंना मेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं. त्यांच्या म्हाताऱ्या आईला "महादेव मिस्त्री" अंधुक आठवत होते. लढाईमुळे बोटी बंद पडल्या आणि ते तिकडेच अडकले. हा फोटो काढला त्याच पावसाळ्यात तापाने गेले. जवळ कुणी नव्हतं, शेठनेच अग्नी दिला. घरी कळवलं होतं म्हणे. ते पत्र आमच्यापर्यंत कधी पोचलं नाही.

रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोला गाठलं. आत्याच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. मला वाटलं, ऐकून तिचं मन हलकं होईल. कुठलं काय.

"तापानं मेला, बरं. त्याच्या आंधी त चांगला होता नं? त्याले आमची याद होती का नोती, हे कोन सांगन?"

मी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला आणि फोटो मोठा केला. बाकी सगळे कोट-टोपीत उभे, आजोबा एकटेच बंडीत. शेतात घालतात ती, बिनबाह्यांची, छातीवर जरा आवळलेली. मला वाटलं, गरीब माणूस, कोट कुठून आणणार.

आत्या स्क्रीनवर वाकली. मग तिने बोट स्क्रीनला टेकवलं, चेहऱ्यावर नाही, छातीवर.

"हे बंडी मायनं शिवली."

"शिवली असेल गं. जाताना बरोबर दिली असेल."

"जातानी नाई. तो गेल्यावर. पत्रं बंद झाल्यावर शिवली. सुई मीच ओवून देत होती." मग जरा दटावून, "पेटीत हाय ते. काढ."

तिच्या पलंगाखाली आजीची लाकडी पेटी आहे. वर आजीचं लग्नातलं लुगडं, त्याखाली कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेली बंडी. मी ती आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मांजरपाटाची, इतकी कडक की एकदाही पाण्यात पडलेली नाही हे हाताला कळावं. आजोबा डावखुरे, म्हणून खिसा उजव्या छातीवर. कापड कमी पडलं म्हणून आजीने खिशाला स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याचा रुईफुली काठ लावला होता, आणि तोही घाईत तिरपा बसलेला.

मी फोटो आणखी मोठा केला. उजव्या छातीवर खिसा. त्यावर रुईफुलांची रांग. तिरपी.

मी बंडी स्क्रीनशेजारी धरून तीन-तीनदा पाहिली. आत्याला मात्र आश्चर्य वाटलेलं दिसेना. ती म्हणाली, पार्सल करायचं होतं, पण लढाई सुरू झाली होती, पोस्टातल्या माणसाने परत पाठवलं. तेव्हापासून बंडी घराबाहेर गेली नाही. दरवर्षी पाला बदलताना ती स्वतः पाहत आली आहे.

मी इतक्यात हार मानणाऱ्यांतला नाही. फोटो उलटा छापला असेल? मग बोर्डावरची अक्षरंही उलटी दिसली असती, ती सरळ आहेत. कुणी खोडसाळपणा केला? इंग्लंडमधल्या त्या बाईंना आमची पेटी काय माहीत? तरी त्यांच्याकडून मूळ फोटोची पुढची-मागची बाजू पुन्हा मागवली. तेच. मग आजीने दोन बंड्या शिवल्या असतील आणि आत्या लहान होती, विसरली असेल... हे मला पटण्यासारखं होतं. म्हणून लुगडं पलंगावर पूर्ण उलगडलं. काठ एकाच जागी कापलेला, तळहाताएवढा. पेटीतल्या बंडीचा खिसा त्यावर ठेवून पाहिला. फूल फुलाला जुळलं. दुसऱ्या खिशासाठी काठ कापलेलाच नाही.

"मंग ते फोटोतली कोनती?" आत्याने मलाच विचारलं.

तिने लॅपटॉप पुन्हा जवळ ओढला. "फोटूसाठी सारे कोट घालून आले, आन् ह्यानं मायची बंडी घातली," ती म्हणाली. आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला होता. "माय रोज संध्याकाळी ते काढे, झटके, घडी करे. म्हने, आता त्याच्या अंगावर असती त बरं झालं असतं. रोज म्हने. पोचली असन, बाबू."

मग ती रडली. आजी गेली तेव्हाही तिला इतकं रडताना मी पाहिलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसून राहिलो आणि, काय सांगू, मलाही ती पोचली असावी असंच वाटायला लागलं. परतीच्या गाडीत पुन्हा डोकं चालवलं. आजही चालवतो. कॉलेजातल्या मित्रांना दाखवलं, त्यांनी प्रिंट, सावल्या, कापड यावर खूप अक्कल पाजळली आणि चहा पिऊन गेले. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा. मला अजून काही सापडलेलं नाही.

या अखजीला आम्ही सगळे अकोल्याला गेलो. पुरणपोळी, चिंचवणी, सगळा स्वयंपाक झाला. घागरी मांडताना आत्या कुणाला हात लावू देईना. आजीच्या घागरीशेजारी तिने आणखी एक ठेवली, स्वतः तांब्याने काठोकाठ भरली आणि वर आंबा ठेवला. मग चार वर्षांची असताना गेलेल्या बापाशी ती पहिल्यांदा बोलली, तीही जरा रागावूनच.

"पी, बाबा. लय वर्सं पान्यावाचून ठेवलं तुले. आन् मायले सांग, बंडी छातीत घट्ट झाली म्हना. तिच्या मनात तू बारीकच होता."