दौलतरावांचा जोड

दौलतराव रेडिओ दुरुस्त करायला आले की पहिली पंधरा मिनिटं रेडिओला हातच लावत नसत. सायकल भिंतीला टेकवायची, पाणी मागायचं, रेडिओ सुरू करायला सांगायचं आणि समोर डोळे मिटून बसायचं. लोक भजन ऐकतात तसे ते खरखर ऐकत. कोणी मध्ये बोललं तर नुसतं बोट वर करत. मग डोळे उघडून त्यांचा ठरलेला प्रश्न येई, “कधी रुसते? सकाळी का दुपारी? आणि घरात काय बदललं?”

त्यांचं म्हणणं असं, की “पेटी बिचारी तीच राह्यते, घर बदलते.” कोणी धान्याची पत्र्याची कोठी रेडिओला खेटून ठेवलेली असे, कोणाच्या शेजाऱ्याने नवा कूलर बसवलेला असे. आवाज गेला की रेडिओच्या डोक्यावर थापड मारायची आमच्या नागपूरच्या इतवारीत फार सवय. दौलतरावांना त्याचा भारी राग. “थापड खाऊन तुम्ही गाता का?” असं ते चांगल्या वजनदार माणसांनाही विचारत.

स्वतःचा छोटा ट्रान्झिस्टर कानाला लावून ते सगळं घर फिरत आणि जिथे आवाज स्वच्छ येईल तिथे खडूने फुली मारत. आमच्या गल्लीतल्या एका घरात ती फुली नेमकी देवघरात पडली. रेडिओ देवांच्या शेजारी गेला. पुढे त्या घरची माणसं सिनेमाची गाणीसुद्धा चपला काढून, हातपाय धुऊन ऐकत.

मी लग्न होऊन खाप्याहून इतवारीत आले ती सत्तर सालच्या आसपास. माझे सासरे, मामाजी, रोज सकाळी लांबच्या एका स्टेशनवरची जुनी गाणी ऐकत, त्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. मी आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ते स्टेशन लागेनासं झालं. गंमत अशी, की दुपार झाली की रेडिओ ठणठणीत, आणि सकाळ झाली की नुसती खरखर. मामाजी चहा अर्धा टाकून उठू लागले. सासूबाईंनी तीन दिवस वाट पाहिली आणि चौथ्या दिवशी सरळ म्हणाल्या, की नवी सून उंबऱ्याच्या आत आली तेव्हापासून हे सुरू झालं. पायगुण. मग ठरलं, की मला दोन महिने माहेरी पाठवायचं आणि रेडिओ लागतो का ते बघायचं. नव्या नवरीला रेडिओपायी परत पाठवलं म्हटल्यावर खाप्यात माझ्या वडिलांनी तोंड कुठे दाखवलं असतं? मी चुलीपुढे बसून धुराच्या नावाखाली रडत असे.

मामाजींनी एवढंच केलं, की त्याआधी एकदा दौलतरावांना बोलावलं. ते सकाळीच आले, खरखर ऐकली, डोळे उघडले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला.

“घरात काय बदललं?”

“सून आली,” सासूबाई म्हणाल्या.

दौलतरावांनी माझ्याकडे पाहिलं. एरियलची तार पाहतो म्हणाले. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्या जिना चढत नसत, म्हणून गच्ची दाखवायला मला पाठवलं.

गच्चीच्या कठड्याला एक बांबू, स्वयंपाकघराच्या टिनाच्या छपरापलीकडे दुसरा, आणि मध्ये तांब्याची तार. त्या तारेवर माझी हिरवी साडी वाळत होती. अंगणात दोरी होती, पण तिथे मामाजी बसत. त्यांच्यासमोर आपले कपडे कसे वाळत घालायचे, म्हणून मी ही तार शोधून काढली होती. ओल्या साडीच्या भाराने ती पार वाकून टिनाला टेकली होती.

दौलतरावांनी काठीने साडी वर उचलली. तार टिनापासून सुटली आणि खालून मामाजींची हाक आली, “लागलं, लागलं!” काठी खाली केली. “गेलं!” पुन्हा वर. “लागलं!” मला सगळं कळलं: दुपारी साडी वाळून हलकी झाली की तार टिनापासून सुटत होती. मी पदर डोळ्यांना लावला. सासूबाईंचं खरं होतं. मला माहेरी पाठवलं असतं तर रेडिओ नक्कीच वाजला असता.

“खाप्याची ना तू? कोष्ट्याची पोर?” त्यांनी हळूच विचारलं. मी मान हलवली. “बापाच्या घरी रंगवलेलं सूत अशाच तारेवर वाळत असंल. मंग तार दिसली का हात तिकडे जाणारच. रडून काहून राहिली?”

साडी त्यांनी माझ्या हातात दिली, खिशातली सुतळी काढून गच्चीच्या कोपऱ्यात माझ्यासाठी वेगळी दोरी बांधली आणि खाली येऊन सासूबाईंपुढे कान धरले. “वहिनी, चूक माई हाये. मागच्या साली तार लावली तवा जोड कच्चा रायला. आता पक्का करून देल्ला. पोरीले बोलू नका.”

माझं माहेरी जाणं टळलं. दौलतरावांना मात्र ते महागात पडलं. “माणूस चांगला, पण जोड कच्चा ठेवते,” हे सासूबाईंनी गल्लीभर केलं. ज्याचा एक जोड कधी सुटला नाही, त्या माणसाला लोक उभं राहून दोनदोनदा तार ओढून बघायला लावत. तेही हसत ओढून दाखवत. मी गप्प राहिले. आधी भीतीने, मग सवयीने, आणि नंतर इतके दिवस गप्प राहिल्याच्या लाजेने. नागपुरात टीव्ही आला, दौलतराव गच्च्यांवर ॲन्टेना बसवू लागले, तरी सासूबाईंचं वाक्य तेच.

दौलतराव गेल्याची बातमी आली तेव्हाही त्या हळहळल्या आणि म्हणाल्या, “माणूस सोन्यासारखा. तो एक जोड तेवढा...”

“जोड पक्काच होता, आई,” मी म्हटलं. “तारेवर माझी साडी होती.” आणि सगळं सांगितलं.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेतली, माझा हात धरला आणि ते धरलेले गुडघे घेऊन दौलतरावांच्या घरापर्यंत चालत गेल्या. गल्लीतल्या बायका बसल्याच होत्या. त्या सगळ्यांसमोर त्या दौलतरावांच्या बायकोला म्हणाल्या, “बाई, तुया नवऱ्याचा जोड पक्का होता. इतके वर्षं मीच खोटं बोलून राहिली होती.”

तिला काही उमजेना. “पण ते तर घरी बी जोड कच्चाच रायला म्हणत,” ती म्हणाली. “लोकायचं ऐकून मी चिडायची, तर म्हणत, चूक माईच हाये, बोलू दे त्यायले.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग तिथे, सगळ्यांच्या देखत, मी माझ्या साडीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली.