कास्तेल्मोराची घळ

जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या एका किटामध्ये, म्हणजे नोकरदार आईबापांच्या लहानग्यांच्या बालवाडीत, नीलांबरी बरीच वर्षं काम करत होती. तिथे दिवसभर कोणी ना कोणी रडत असायचं. आई सोडून गेली म्हणून, कोणी फावडं हिसकावलं म्हणून, तर कधी नुसतं झोप आली म्हणून. नीलांबरी त्या पोराला मांडीवर घ्यायची, नाक पुसायची, पाठीवरून हात फिरवायची आणि ते शांत झालं की खाली सोडायची. मार्चनंतरही ती हे सगळं पूर्वीसारखंच करत होती. फक्त ते रडणं आता तिला बंद खिडकीपलीकडून आल्यासारखं ऐकू यायचं.

मार्चमध्ये तिची धाकटी बहीण सुरुची नाशिकला वारली. सकाळी मेंदूत रक्तस्राव झाला आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. नीलांबरी पोचली तेव्हा फोटोला हार घातलेला होता आणि माजघरात बायका दहाव्याच्या स्वयंपाकाचं बोलत होत्या. तिला रडू आलं नाही. धक्का आहे, येईल सावकाश, असं सगळे म्हणाले. ती परत आली, कामावर रुजू झाली, बर्फ वितळून बागेत ट्युलिप आले, तरी रडू आलं नाही. तेवढंच असतं तर चाललं असतं. पण तिला कसलंच काही वाटेनासं झालं होतं. भूक लागायची नाही, रागही यायचा नाही. टीव्हीवरच्या विनोदावर हेमचंद्र हसला की आपणही हसायला हवं हे तिच्या जरा उशिरा लक्षात यायचं.

हेमचंद्र तिचा नवरा. गावातल्याच मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत त्याची हयात गेली होती आणि कुठलीही अडचण आली की तिच्यावर प्लॅन आखायचा हा त्याचा स्वभाव होता. त्याने तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी वेळ द्या म्हटलं. वेळ द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते हेमचंद्रला कळेना. शेवटी तोडगा काढला मुलीने. केया ब्राउनश्वाइगला इंजिनिअरिंग शिकत होती आणि मधली एक सहामाही तिने स्पेनमध्ये काढली होती. तिला तिथल्या आरागॉन प्रांताच्या डोंगरातलं कास्तेल्मोरा नावाचं एक चिमुकलं गाव माहीत होतं. आईला तिथे न्या, असं तिने फोनवर बाबांना जर्मनमध्ये समजावलं. बाबा मराठीत विचारत होते, ती जर्मनमध्ये उत्तरं देत होती, नेहमीसारखंच. किल्ला आहे, घळ आहे, तलावात कयाक, म्हणजे वल्हवायच्या चिमुकल्या होड्या, चालवता येतात, आणि माणसं जवळजवळ नाहीतच.

"आईला माणसं नकोत असं तुला का वाटतं?" हेमचंद्रने विचारलं.

"आल्झो," म्हणजे ‘तर’, अशी जर्मनमध्ये सुरुवात करून केया चक्क मराठीत म्हणाली, "ती माणसांसमोर बरी असल्याचं नाटक करते, बाबा."

पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत किटा बंद झाला आणि ते दोघे निघाले. फ्रँकफर्टहून विमान, पुढे भाड्याची गाडी. वाटेत बदामाची झाडं, लाल माती, आणि वळणावळणावर मागे पडणारी ओसाड घरं. कास्तेल्मोरा टेकडीच्या कुशीत दगडी घरांच्या तीन-चार गल्ल्यांमध्ये मावलं होतं. घरमालकीण पिलारबाई सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या. त्यांना जर्मन येत नव्हतं, यांना स्पॅनिश येत नव्हतं. हातवारे आणि फोनमधलं भाषांतर यांवर निभावलं.

हेमचंद्रने रोजचा कार्यक्रम ठरवून टाकला होता. पहिल्या दिवशी किल्ला. उरलेली एक भिंत आणि अर्धा बुरूज, पण वरून सगळं खोरं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी गावाबाहेरची जुनी धुण्याची जागा आणि तिथून ऑलिव्हच्या बागांतून एका छोट्या चर्चपर्यंतची पायवाट. नीलांबरी सगळीकडे गेली. छान आहे, असं म्हणाली. फोटोत उभी राहिली. हेमचंद्र दर वेळी तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघायचा आणि ते तिला कळायचं. आपल्याकडून त्याला काहीतरी द्यायला हवं असंही वाटायचं. पण द्यायला काही सापडायचं नाही.

तिसऱ्या दिवशी ते घळीत उतरले. दोन्हीकडे उंच कातळ, मधून नदी, आणि कड्याला ठोकलेल्या लोखंडी फळ्यांवरून वाट. फळ्या संपल्या की नदीकाठच्या दगडांवरून जायचं होतं. त्या दगडांवर शेवाळ होतं. हेमचंद्र पुढे होता, मागे वळून तिला सांभाळून ये म्हणत होता, आणि तेवढ्यात त्याचाच पाय सटकला. तो दोन दगडांच्या मधे पडला. घोटा असा काही वाकडा झाला की बघूनच मोडल्याचं कळावं.

फोनला रेंज नव्हती. नीलांबरीने त्याला ओढून सावलीत बसवलं, पाठीमागे सॅक टेकवली, पाण्याची बाटली हाताशी ठेवली, स्वतःचं जाकीट त्याच्या अंगावर घातलं. तो पांढराफटक पडला होता. त्याचा हात सोडवून घेताना ती म्हणाली, "अहो, मी वर जाऊन मदत घेऊन येते. हलू नका." किटामध्ये पडलेल्या मुलाशी बोलावं तितका शांत तिचा आवाज होता.

ती फळ्यांवरून परत निघाली. वाट चढणीची होती. निम्म्यावर एक वळण लागलं आणि तिथे आकाश एकदम उघडं पडलं. समोरच्या कड्यावर गिधाडं होती. काही कपारीत बसलेली, काही हवेवर तरंगणारी, पंख जराही न हलवता. नीलांबरी थांबली. दम लागला म्हणून थांबली असेल, पण दम गेल्यावरही उभीच राहिली. एक गिधाड अगदी तिच्या पायाखालून गेलं आणि त्याची पिवळट मान, पंखांची फाकलेली टोकं तिला वरून दिसली. खाली नवरा मोडक्या पायाने बसला आहे हे तिला माहीत होतं. त्याची काळजी वाटायला हवी, हेही माहीत होतं. ती काळजीची वाट बघत उभी राहिली. काळजी काही आली नाही. मग ती पुढे चालू लागली.

वर, आदल्या दिवशीच्या त्या चर्चजवळ, दोन स्पॅनिश बायका डबा खात बसल्या होत्या. त्यांनी मदतीसाठी फोन लावला, तिला पाणी दिलं. डोंगरातल्या बचावाचं काम करणारी माणसं आली, हेमचंद्रला स्ट्रेचरवर घालून वर आणलं, जवळच्या शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशनची गरज पडली नाही. पायाला प्लास्टर घातलं आणि सूज उतरेपर्यंत विमानप्रवास करू नका म्हणून सांगितलं.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या खोलीत तो तिला म्हणाला, "तू होतीस म्हणून. दुसरं कोणी घाबरून गेलं असतं."

नीलांबरी खिडकीशी बसली होती. "मी घाबरले नाही," ती म्हणाली. "मधे थांबून मी गिधाडं बघत होते. तुम्ही खाली होता आणि मी गिधाडं बघत होते. मला काहीच वाटत नव्हतं, अहो."

हेमचंद्रने उशीवरची मान वळवून तिच्याकडे बघितलं. तिचं बोलणं त्याच्या मनाला लागलं होतं, ते दिसत होतं. या वेळी त्याच्याकडे कसला तोडगा नव्हता. मग त्याने हळूच विचारलं, "जवळून दिसली?"

"हो."

"कशी असतात?"

तिने सांगितलं. मान कशी, पंख कसे, हवेवर कशी पडून राहतात. तो डोळे मिटून ऐकत होता. मधेच झोप लागली त्याला.

उरलेले दिवस पिलारबाईंच्या अंगणात गेले. हेमचंद्र खुर्चीत, पाय स्टुलावर. पिलारबाई त्याच्यासाठी टोमॅटो चोळलेला पाव आणायच्या आणि त्याच्याशी स्पॅनिशमध्ये भरभरून बोलायच्या. तो मान हलवून मराठीत उत्तरं द्यायचा. ठरलेल्या सहली वाया जाऊ नयेत म्हणून त्याने नीलांबरीला एकटीला धाडलं. तिनेही हो म्हटलं, कारण नाही म्हणायला तरी कुठे काही वाटत होतं. ती गाडी घेऊन तलावावर गेली, आयुष्यात पहिल्यांदा कयाकमध्ये बसली, गोल गोल फिरत राहिली आणि शेवटी एका शाळकरी मुलीने तिला दोरीने काठाला ओढलं. बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटेवरून सायकल चालवत ती बोगद्यापर्यंत जाऊन आली. परत आली की हेमचंद्र विचारायचा, पाणी कसल्या रंगाचं होतं, बोगदा किती गार होता. तिला सांगता यावं म्हणून नीट बघावं लागायचं. आनंद होत नव्हता. पण ती बघत होती.

जून संपता संपता सगळं पुन्हा मार्गाला लागलं. हेमचंद्र घरून काम करू लागला, ती किटामध्ये. सुरुचीसाठी तिला अजूनही रडू आलं नव्हतं. केयाने फोनवर विचारलं की खरंच तिथे जाऊन उपयोग झाला का, तेव्हा नीलांबरीने माहीत नाही असं खरं ते सांगितलं.

ऑगस्टच्या एका रविवारी, प्लास्टर आणि कुबड्या दोन्ही गेल्यावर, ते दोघे जवळच्याच नेकारश्टाइनाख गावी फिरायला गेले. नदीवरच्या किल्ल्यांची सोपी वाट, हायडेलबर्ग शहरातली निम्मी माणसं तिथे आलेली. वरच्या पडक्या भिंतीशी हेमचंद्र नदीचा फोटो काढायला कठड्याबाहेर वाकला.

"मागे व्हा," नीलांबरी एवढ्या जोरात ओरडली की शेजारचं जर्मन जोडपं दचकलं. तिने त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि मग तिथेच, सगळ्यांसमोर, मराठीत त्याला असं काही झाडलं की विचारू नका. अक्कल आहे का, पायाचं प्लास्टर नुकतं सुटलंय, दर वेळी पुढे पुढे करायचं, मागच्या माणसाचा विचार नाही. कॅमेरा गळ्यात अडकवून हेमचंद्र तिच्या मागून चालू लागला.

गाडीत बसल्यावरही तिचा राग, मार्चनंतरचा पहिलाच, गेला नव्हता. पार्किंगमधून बाहेर पडताना तिने उगाच गिअर खाडकन टाकला. हेमचंद्र खिडकीबाहेर बघत होता. वाटेतल्या बेकरीशी गाडी थांबवायला सांगावं असं त्याच्या मनात होतं, पण आज न सांगणंच बरं असं त्याने ठरवलं.